ज्ञानोपासक आचार्यसम्राट पू. श्री आनंदऋषीजी म. सा.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी ही आचार्यसम्राट पू. श्री आनंदऋषीजी म. सा. यांची जन्मभूमी. श्री. देवीचंदजी गुगळे व सौ. हुलसाबाई या धर्मपरायण दाम्पत्याच्या पोटी १९०० साली त्यांचा जन्म झाला. नेमिचंद हे त्यांचे बालपणीचे नाव. पू. श्री रत्नऋषीजी म. सा. यांच्या सहवासात वैराग्यभाव दृढ झाला आणि १९१३ साली मिरी येथे, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांनी भागवती दीक्षा अंगीकारली.

केशलोच, रजोहरण, मुखवस्त्रिका आणि पंचमहाव्रते यांसह बालमुनींचे नवे जीवन सुरू झाले. चातुर्मासाचे चार महिने एका गावी, उरलेले आठ महिने पायी विहार. अशा जीवनात शाळेचा वर्ग कोठून मिळणार? परंतु गुरुदेवांनी शिष्याच्या अध्ययनात खंड पडू दिला नाही. पंडितांकडून संस्कृत, प्राकृत व आगमांचे शिक्षण झाले. पुढे अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

बालदीक्षेचा प्रश्न त्या काळी समाजात ऐरणीवर आला होता. दीक्षेने बालकाच्या शिक्षणाचे दार बंद होते, असा आक्षेप होता. बडोदा संस्थानाने १९३३ साली अल्पवयीनांच्या दीक्षेवर कायद्याने निर्बंध घातला. हा आक्षेप सहज दूर सारण्याजोगा नव्हता, कारण रत्नऋषीजींसारखे विद्याप्रेमी गुरू प्रत्येक बालमुनीस लाभतीलच, असे नव्हते. यावरचे उत्तर आनंदऋषीजींच्या कार्यातून मिळते.

पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त भागात गुरु-शिष्यांच्या प्रेरणेने १९२३ साली श्री तिलोक जैन ज्ञान प्रसारक मंडळ स्थापन झाले. त्याच्या विद्यालयात जैनांप्रमाणेच इतर समाजांतील शेतकरी-कष्टकऱ्यांची मुलेही शिकली. १९३६ साली श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. पायरीपायरीने आखलेल्या या परीक्षांमुळे सतत विहार करणाऱ्या साधु-साध्वींना आणि श्रावकांच्या मुलामुलींनाही आहे त्या गावी राहून अभ्यास करता येऊ लागला. शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांपर्यंत शिक्षणच चालत गेले.

१९६४ साली ते श्रमण संघाचे आचार्य झाले. २८ मार्च १९९२ रोजी अहमदनगर येथे त्यांचे महाप्रयाण झाले. २००२ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुंबई-पुणे मार्गावर विहार करणाऱ्या संत-सतींची सेवा लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील श्रावक भक्तिभावाने करतात. गोचरी व निवासाबरोबर त्यांच्या स्वाध्यायाची आणि आपल्या गावातील प्रत्येक मुलाच्या शाळेची सोय पाहणे, हीच आचार्यश्रींना खरी भावांजली ठरेल.