तुरुंगातून सुटलेल्याला पहारेकरी नेमाल? लक्ष्मणराव किर्लोस्करांची केस
करमाडजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत उद्या नोकरी किंवा धंदा करणार असाल, तर ही केस वाचाच.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत चित्रकला शिकले, पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून ती सोडली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. बढती डावलली गेल्यावर राजीनामा दिला. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात मिळालेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळायला बंदी केली आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. १९५६ मध्ये ते वारले.

आता तुम्ही मालक आहात. शिक्षा भोगून आलेला माणूस काम मागतोय. चोरी झाली तर नुकसान तुमचं. नाही म्हणालात तर त्याला दुसरं कोण ठेवणार? लक्ष्मणरावांना तरी पुढचं कुठे माहीत होतं? नीतीचा निर्णय असाच, आधी घ्यावा लागतो.

तुम्ही काय केलं असतं?