जेनेरिक मेथडमधला ‘टी’ आणि क्रिस्टोफर स्ट्रेची

जावा किंवा सी शार्पमध्ये जेनेरिक मेथड लिहिताना आपण कोनी कंसात एक ‘टी’ टाकतो आणि पुढे जातो. त्या ‘टी’मागच्या कल्पनेला नाव दिलं क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी. आज त्यांच्याबद्दल थोडं.

जन्म १९१६, लंडन. घराणं नावाजलेलं. लेखक लिटन स्ट्रेची हे काका, आई रे स्ट्रेची महिलांच्या मताधिकारासाठी लढणारी. केंब्रिजला असताना मानसिक आजाराने गाठलं, पदवी बेताच्या गुणांनी मिळाली. पुढे ते शाळामास्तर झाले. १९४९ पासून हॅरोला शिकवत होते (हो, नेहरूंची तीच शाळा). नोकरी सांभाळून ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळाचा प्रोग्राम लिहिला, मँचेस्टरच्या कॉम्प्युटरकडून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजवून घेतलं. १९५२ मध्ये त्यांच्या प्रोग्रामने प्रेमपत्रं लिहिली: वाक्याचा साचा ठरलेला, शब्द मशीन निवडणार. जेनेरिक्सशी याचा थेट संबंध नाही, पण मला दरवेळी ते आठवतंच.

आपल्या विषयाचं वर्ष १९६७. तोवर स्ट्रेची ऑक्सफर्डच्या प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुपचे प्रमुख झाले होते. कोपनहेगनच्या समर स्कूलमध्ये त्यांनी व्याख्यानं दिली आणि त्यात एक फरक स्पष्ट केला.

अधिक चिन्ह घ्या. ते पूर्णांकांना चालतं, दशांश संख्यांनाही चालतं. पण आत मशीन दोन वेगळी कामं करतं. नाव तेवढं एक. याला त्यांनी ॲड हॉक पॉलिमॉर्फिझम म्हटलं. आपलं मेथड ओव्हरलोडिंग याच घरातलं. आता ‘मॅप’ घ्या: यादीतल्या प्रत्येक वस्तूवर दिलेलं फंक्शन चालवायचं. यादी आकड्यांची असो की नावांची, काम तेच, कोडही तेच. हे पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम.

रोजच्या कोडमध्ये हा फरक फार कामाचा आहे. यादी उलटी करणारी जेनेरिक मेथड लिहिली आणि आत ‘टी स्ट्रिंग असेल तर असं कर’ अशी अट घातली, की सहीवर पॅरामेट्रिक आणि आत ॲड हॉक असा प्रकार होतो. वापरणारा फक्त सही बघून विश्वास ठेवतो, तो फसतो. अशा अटी दिसल्या की मी सरळ वेगवेगळ्या मेथड लिहायला सांगतो. सर्वांत मोठी वस्तू शोधायची असेल तर ‘टी’ची तुलना करता यायला हवी, ती अट कम्पेरेबल लावून सहीतच लिहावी, म्हणजे लपवाछपवी नाही.

स्ट्रेची ऑब्जेक्टबद्दल बोलत नव्हते, हेही सांगायला हवं. क्लास आणि इनहेरिटन्स त्याच वर्षी नॉर्वेत सिम्युला ६७ मध्ये आले. दोन्ही प्रवाह वेगळे वाहत राहिले. पॅरामेट्रिक कल्पना सत्तरच्या दशकात रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेत रुजली. जावात जेनेरिक्स यायला २००४ उजाडलं.

स्ट्रेचींनी छापून फार थोडं आणलं. कोपनहेगनच्या टिपणांच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या, लोक त्यावरून शिकत राहिले. १९७५ मध्ये कावीळीच्या आजाराने, हेपटायटिसने, ते गेले तेव्हा वय होतं ५८. ती टिपणं एका जर्नलमध्ये छापून आली २००० साली.