विश्लेषण : रहस्यकथेच्या जाहिरातीसाठी ५०० पौंडांचं बक्षीस, नियमांत एक ओळ राहिली अन् लेखक बुडाला! काय होतं एडगर वॉलेसचं प्रकरण?

नवी सस्पेन्स कादंबरी येणार असली की हल्ली आधी कव्हर येतं, मग तीस सेकंदांचं रील. त्यानंतर लेखक स्वतः लाइव्ह येऊन शेवट सोडून बाकी सगळं सांगतो. खुनी ओळखा आणि सही केलेली प्रत मिळवा, अशी स्पर्धाही असतेच. ही कल्पना इन्स्टाग्रामच्या काळातली वाटत असेल, तर १९०५ सालच्या लंडनमध्ये डोकवावं लागेल. तिथे एका तिशीतल्या बातमीदाराने आपल्या पहिल्याच रहस्यकादंबरीसाठी हाच खेळ खेळला. पुस्तक तुफान खपलं आणि तो कर्जात बुडाला. त्याचं नाव एडगर वॉलेस.

कोण होता हा वॉलेस?

जन्म १ एप्रिल १८७५, ग्रीनिच. आई नाटकात काम करायची. लग्नाबाहेर झालेलं हे मूल काही दिवसांचं असतानाच बिलिंग्सगेटच्या मासळीबाजारात काम करणाऱ्या फ्रीमन कुटुंबाकडे गेलं आणि तिथेच वाढलं. लहान वयातच तो लडगेट सर्कसच्या चौकात पेपर विकू लागला. बाराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे सैन्यात भरती होऊन तो दक्षिण आफ्रिकेत गेला, १८९९ मध्ये पैसे भरून सैन्यातून सुटला आणि थेट बातमीदार झाला. आधी रॉयटर्स, मग डेली मेल.

१९०२ मध्ये बोअर युद्धाच्या तहाची बोलणी कडक बंदोबस्तात सुरू होती. वॉलेस आगगाडीने त्या छावणीवरून जा-ये करायचा आणि आतला एक ओळखीचा शिपाई रंगीत रुमाल हलवून त्याला खूण करायचा. सरकारने जाहीर करण्याआधीच तहाची बातमी लंडनमध्ये छापून आली. लॉर्ड किचनर इतके भडकले, की वॉलेसला युद्धवार्ताहर म्हणून बंदी झाली. धोका पत्करायचा, नियमांचं पुढे बघू, हा स्वभाव इथेच दिसतो.

पुस्तक काय होतं?

‘द फोर जस्ट मेन’. कायद्याच्या हाती न लागणाऱ्यांना परस्पर शिक्षा देणारी एक टोळी ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला धमकी देते : परदेशी आश्रितांना त्यांच्या देशाच्या हवाली करणारं विधेयक मागे घे, नाहीतर ठरल्या वेळी मरशील. बाहेर पोलिसांचा गराडा, मंत्री बंद खोलीत एकटा. तरीही तो मरतो. कसा?

पहिल्या आवृत्तीत याचं उत्तरच नव्हतं. वाचकाने ते शोधून पाठवायचं. पहिलं बक्षीस २५० पौंड, दुसरं २०० आणि तिसरं ५०, असे मिळून ५०० पौंड. खरं तर वॉलेसला १००० पौंडांचं बक्षीस हवं होतं आणि ते डेली मेलचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी द्यावं, अशी त्याची अपेक्षा होती. त्यांनी नकार दिला. मग पठ्ठ्याने स्वतःच टॅलिस प्रेस नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि बसगाड्या, भिंतींवरचे फलक, हँडबिलं अशी सगळीकडे जाहिरात लावली. खर्च झाला सुमारे २००० पौंड. पैसे उधारीचे असले तरी गडी निवांत होता. तीन महिन्यांत सगळं वसूल होईल, असा त्याचा हिशोब होता.

मग गडबड कुठे झाली?

नियमांमध्ये. एका बक्षिसाला एकच विजेता, किंवा रक्कम विजेत्यांत वाटली जाईल, अशी अटच त्याने घातली नव्हती. म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण रक्कम! समजा पहिल्या बक्षिसाला सहा जण पात्र ठरले, तर २५० चे झाले १५००. आमच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर थांबायची अट न लिहिलेला लूप. आणि कोडंही फार अवघड नव्हतं. उत्तर इथे फोडत नाही, पण शाळेतलं विज्ञान आठवणाऱ्याला ते सुचू शकतं. लंडनमध्ये अनेकांना सुचलंच. बरोबर उत्तरांची संख्या वाढत गेली.

यानंतर वॉलेसने जे केलं, ते चुकीच्या नियमांपेक्षा वाईट होतं, असं म्हणावं लागेल. तो गप्प बसला. उत्तर छापून आलं होतं, त्यामुळे आपण जिंकलो हे लोकांना कळलं होतं. कष्टकऱ्यांच्या घरात २५० पौंड म्हणजे काही वर्षांची कमाई. ते रोज टपालाची वाट पाहत होते आणि १९०६ उजाडलं तरी विजेत्यांची यादी नाही. ही फसवणूक आहे का, अशी कुजबुज सुरू झाली. बातमीदार डेली मेलचा, त्यामुळे नाव डेली मेलचं खराब होणार होतं. ज्या हार्म्सवर्थ यांनी १००० पौंड नाकारले होते, त्यांनाच अखेर चडफडत ५००० हून अधिक पौंड वॉलेसला उसने द्यावे लागले.

३८ हजार प्रती खपल्या, तरी लेखक तोट्यात. पुढे त्याने या पुस्तकाचे हक्क जॉर्ज न्यून्स यांना किरकोळ रकमेत विकून टाकले. नंतर वर्षानुवर्षं खपलेल्या पुस्तकाचे पैसे असे दुसऱ्याच्या खिशात गेले. १९०७ मध्ये नोकरीही गेली. बदनामीचे खटले हे त्यामागचं कारण.

पुढे काय झालं?

आफ्रिकेतल्या कथांनी त्याला सावरलं. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ १९११ मध्ये आलं. आज त्यातला वसाहतवादी सूर खटकतो. खरी कलाटणी मिळाली १९२१ मध्ये, हॉडर अँड स्टॉटन या प्रकाशकाशी करार झाल्यावर. त्यांनी बक्षिसाच्या फंदात न पडता लेखकालाच जाहिरात केलं. डोक्यावर हॅट, हातात लांब सिगारेट होल्डर, दिमतीला पिवळी रोल्सरॉइस आणि किताब थरारकथांचा राजा. वॉलेस यंत्रासमोर बोलून कादंबरी सांगायचा आणि मदतनीस टाइप करायचे. अशा १७० च्या वर कादंबऱ्या झाल्या. १९२८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वाचल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांतलं एक वॉलेसचं, असा प्रकाशकाचा दावा होता. जाहिरातीचा आकडा आहे, तो तसाच घ्यावा.

हिशोब मात्र त्याला शेवटपर्यंत जमला नाही. पैसा घोड्यांच्या शर्यतींत आणि थाटामाटात गेला. १९३१ मध्ये ब्लॅकपूलमधून लिबरल पक्षातर्फे निवडणूक लढवून तो हरला आणि लगेच हॉलिवूड गाठलं. तिथे ‘किंग काँग’चा पहिला मसुदा लिहून झाला होता. १० फेब्रुवारी १९३२ रोजी न्यूमोनिया आणि मधुमेहाने त्याचा मृत्यू झाला. सिनेमा आला पुढच्या वर्षी.

मागे लाखाहून अधिक पौंडांचं कर्ज निघालं. पुस्तकं इतकी खपत होती, की रॉयल्टीतून ते दोनेक वर्षांत फिटलं.