वजनकाट्यावरचा कवी

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर मद्यविक्रीचे एक जुने दुकान आहे. तेथील मोठ्या तराजूवर गिऱ्हाइके स्वतःला तोलून घेत आणि आकडे वहीत मांडले जात. उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला अशा नोंदींचे आकर्षण असतेच. त्या वहीत लॉर्ड बायरन आहे. १८०६ साली केंब्रिजला शिकत असताना त्याचे वजन ८८ किलो भरले होते. १८११ पर्यंत त्यातले पंचवीस किलोंहून अधिक उतरले.

बायरनचा जन्म १७८८ चा. उजवे पाऊल जन्मतःच वाकडे. आई स्थूल आणि तापट. रागाच्या भरात ती मुलाच्या लंगडेपणाचा उद्धार करी, असे सांगतात. घरातच ज्याची लाज वाटू लागली, त्या शरीराशी त्याने जन्मभर वैर धरले. अंगावर कपड्यांचे थर चढवून घाम गाळायचा, बिस्किटे आणि सोडावॉटरवर दिवस काढायचा. १८१२ साली ‘चाइल्ड हॅरल्ड’ने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले, त्याच्या देखणेपणाने लंडन वेडे झाले. लठ्ठ होण्याचे भय मात्र सुटले नाही.

मग कधीतरी उपास मोडे. इटलीत असताना थंड बटाटे, भात, मासे, जे असेल त्यावर व्हिनेगर ओतून तो भुकेल्या जनावरासारखा तुटून पडे, असे त्याचा मित्र ट्रेलॉनी याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर पुन्हा उपास.

दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला रोगाचे नाव चिकटवू नये. पण १९९१ साली हेदरटन आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला विचार येथे आठवतो. स्वतःला सतत कठोर मापाने मोजणाऱ्याला ती नजरच असह्य होते. तेव्हा मन घटकाभर ‘मी’पासून सुटते आणि समोरच्या घासापुरते उरते. भान परतते ते शरम घेऊन. शरमेतून उपास, उपासातून वखवख, असे ते चक्र फिरत राहते.

१८२४ साली ग्रीसमधील मिसोलाँघी येथे छत्तिसाव्या वर्षी बायरन वारला. तेथेही तो जवळजवळ रोज सकाळी मनगट आणि कंबर मोजून पाही, अशी त्याच्या डॉक्टरची नोंद आहे.

आपल्या घरात एखादी मुलगी दिवसभर उपाशी राहून रात्री चोरून डबे रिकामे करते, तेव्हा आपण तिला अधाशी म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी तिच्याजवळ बसावे, जमल्यास तिला डॉक्टरकडे न्यावे. बायरनला हे कोणी केले नाही.