ताराबाई मोडक यांची अंगणातील शाळा

कळंब्याच्या बाजूस लहान मुलांचा वर्ग चालविणाऱ्या एका बंधूंनी आम्हांस विचारले की, मुलांस कोडी व खेळ देऊन शिकवावे असे वाटते, परंतु जेथे पाट्याही पुरत नाहीत तेथे अशी साधने आणावी कोठून? त्यांस उत्तर म्हणून ताराबाई मोडक यांचे चरित्र थोडक्यात देत आहो.

ताराबाईंचा जन्म मुंबईस १८९२ साली केळकर घराण्यात झाला. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, म्हणून मुलीच्या शिक्षणास आडकाठी आली नाही. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीस गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटास स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या मुख्य झाल्या. ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

तेथे मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीने शिक्षण चाले. त्या पद्धतीतील दट्ट्यापेटी पाहण्याजोगी आहे. लाकडी ठोकळ्यास लहानमोठी भोके असतात व प्रत्येकाचा दट्ट्या निराळा. मोठ्या भोकात लहान दट्ट्या घातला, तर शेवटी एक असा उरतो की त्यास जागाच नाही! मूल आपण होऊन चूक शोधते. गुरुजींस रागे भरावे लागत नाही. परंतु असे सामान कसबी सुताराचे काम, आणि पैशाचे.

१९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. वय त्रेपन्न. सोबतीस अनुताई वाघ होत्या, ज्यांस बालपणीच वैधव्य आले होते. बालवाडी उघडली, पण दलित व वारली मुले येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत नेली. अंगणात वर्ग भरू लागला. आधी मुलांस आंघोळ घालावी, केस विंचरावे, मग शिक्षण. विकतच्या सामानाऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने व फुले आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरली. अंगणवाडी हे नाव १९७५ च्या सरकारी योजनेनेही घेतले.

आमच्या बंधूंनीही असेच करावे. ज्वारीच्या ताटाचे लहानमोठे तुकडे करून क्रमाने लावावयास द्यावे. पिशवीत दोन दोन सारख्या बिया घालून, न पाहता नुसत्या हाताने जोडी ओळखण्यास सांगावे. जुन्या पंचांगावरील चित्र पुठ्ठ्यावर डकवून त्याचे चार तुकडे करावे. सहा वर्षांच्या मुलास आठ. उत्तर मात्र आपण सांगू नये. हेच आम्हां शिकविणाऱ्यांस सर्वांत जड जाते! आणि अगदी लहान मुले चिंचोके नाकाकानात घालतात, म्हणून त्यांस मोठे गोटेच द्यावे.

ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.