दादोबा पांडुरंग : एक वाचणारा माणूस

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना व्याकरणाच्या तासाला भेटते आणि तेथेच राहून जाते. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, हे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले की आपला त्यांच्याशी असलेला संबंध संपतो. व्याकरणकार म्हटला की कोरडा, छडी हातात घेतलेला, काना-मात्रेवरून डोळे वटारणारा गृहस्थ आपल्या नजरेसमोर येतो. दादोबांचे चरित्र वाचताना मला मात्र निराळाच माणूस दिसला. हा गृहस्थ बव्हंशी नोकरीच करत होता; कधी शाळामास्तर, कधी डेप्युटी कलेक्टर. आणि नोकरी कोणतीही असो, गाव कोणतेही असो, त्याचे वाचन चालू होते. ज्या वाचनावर पगार वाढत नाही आणि परीक्षाही नसते, अशा वाचनाविषयी मी बोलतो आहे.

हे आज सांगावेसे वाटते याला कारण आहे. पदवी हाती पडली की पुस्तक मिटायचे, अशी आपल्याकडे जवळजवळ रीतच झाली आहे. जुने विद्यार्थी भेटतात, नोकरी सांगतात, घर बांधल्याचे सांगतात. काय वाचता असे विचारले तर संकोचाने हसतात. वेळ मिळत नाही, हे उत्तर ठरलेले. दादोबांना तरी वेळ कोठून मिळत होता, एवढेच पाहण्यासाठी हा लेख.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदाबाई. (ही दोन नावे लक्षात ठेवावीत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.) पंतोजींच्या शाळा, मग मुंबईतली नवी इंग्रजी शाळा, असा त्या पिढीचा नेहमीचा क्रम. 1836 साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण त्यांच्यासमोर नमुन्यादाखल होते. त्या ग्रंथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. काही काळ ते माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते, मग मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आले, आणि तेथून 1840 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची नेमणूक सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत झाली.

सुरत म्हटली की आपल्याला शिवछत्रपतींची स्वारी आठवते, फार तर 1907 ची काँग्रेस. आज त्या शहरात उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली मोठी मराठी वस्ती आहे, यंत्रमागांवर ती राबते, आणि महापालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत. दादोबा गेले तेव्हाची सुरत मात्र पडत्या काळातली. व्यापार मुंबईने ओढून नेलेला. 1837 साली मोठी आग लागून शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला, आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. मुंबईहून सुरतेस रेल्वेने जाण्याची सोय व्हायला 1864 साल उजाडावे लागले. त्यापूर्वी समुद्राची किंवा गाडीरस्त्याची वाट. अशा गावी नवे पुस्तक हाती पडणे हीच मुळात एक घटना. मुंबईच्या शाळेची ग्रंथसंग्रहाची सुखे उपभोगलेल्या तरुणाला तेथे एकटे वाटले असते तर नवल नव्हते.

पण तेथे दुर्गाराम मंछाराम होते. गुजरातीत शिक्षकाला मेहेताजी म्हणतात, जसे आपल्याकडे पंतोजी. दुर्गाराम मेहेताजी हे गुजराती शाळेचे शिक्षक, दादोबांहून वयाने चार-पाच वर्षांनी वडील, आणि स्वभावाने एका जागी न बसणारे. त्यांनी 1842 साली पुस्तक प्रसारक मंडळी स्थापन केली आणि शिळाछापाचे यंत्र सुरतेत आणवले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावात पुस्तके येत नाहीत म्हणून कुरकुरत बसण्यापेक्षा या मास्तराने छापण्याचा दगडच गावात आणला.

येथे थोडे विषयांतर करतो. प्रौढ माणसाने नेमाने वाचावे ही कल्पना इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. चातुर्मासात पोथी लावणे म्हणजे दुसरे काय होते? आमच्या आजोबांच्या ओसरीवर पांडवप्रताप लागे तेव्हा दिवसभर शेतात खपलेली माणसे कंदिलाभोवती येऊन बसत. अध्याय संपेपर्यंत कोणी उठत नसे, आणि भीमाचा प्रसंग आला की पुढचाही अध्याय होऊन जाई. त्याला भक्ती म्हणा, पण त्यात रस होता, गोष्टीची ओढ होती. आपल्या कन्नड विभागातील वाचकांना कुमारव्यासाच्या गदुगिन भारताची गमकवाचने आठवतील. सुरतेकडे चैत्र महिन्यात प्रेमानंदाचे ओखाहरण घरोघर गायिले जाते, तीही हीच जात. म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या वेळी, चार माणसांत बसून वाचायचे ही सवय आपल्याला होतीच. एकोणिसाव्या शतकात बदलले ते इतकेच की पोथी एक असे, पुस्तके अनेक झाली. आणि ऐकणारा स्वतः वाचू लागला. पोथीची बैठक मोडली आणि तिच्या जागी दुसरी बैठक मांडली गेली नाही, तेथे वाचन सुटले. दादोबा आणि दुर्गाराम यांनी दुसरी बैठक मांडली.

ती बैठक म्हणजे मानवधर्म सभा. 22 जून 1844 रोजी सुरतेत तिची स्थापना झाली. दादोबा, दुर्गाराम, दलपतराम मास्तर (हे कवी दलपतराम नव्हेत), दिनमणिशंकर आणि दामोदरदास हे तिचे आधारस्तंभ. पाचांच्याही नावाचे आद्याक्षर 'द', त्यामुळे गावाला त्यांची नावे लक्षात ठेवायला कष्ट पडले नसतील. ईश्वर एक, मनुष्यजात एक, माणसाची थोरवी जन्मावर नव्हे तर आचरणावर, हे सभेचे सिद्धान्त. भुताखेतांच्या नावावर पोट भरणाऱ्या मांत्रिकांना तिने जाहीर आव्हाने दिली. इतिहासकार या सभेकडे धर्मसुधारणेच्या दृष्टीने पाहतात आणि ते योग्यच आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे बहुतेक शिकवणीच्या पेशातले लोक. दिवसभर पोरांना घोकवून घसा बसलेला. तरीही ते पुन्हा एकत्र जमत आणि आपण वाचलेले, विचार केलेले एकमेकांपुढे ठेवत. दोन महिन्यांत, ऑगस्ट 1844 मध्ये, सरकारने मिठावरचा कर दुप्पट केला म्हणून सुरतेत दंगा उसळला. तरीही सभा मोडली नाही.

दादोबांनी सुरतेत असतानाच, 1843 च्या सुमारास, धर्मविवेचन हा ग्रंथ लिहिला. तो छापला गेला 1868 साली. पंचवीस वर्षे हस्तलिखित पेटीत राहिले. आजकाल दोन महिन्यांत लेख छापून आला नाही तर आपला विरस होतो; त्या मानाने हा धीर पाहावा. अर्थात धीराबरोबर लोकनिंदेची धास्तीही त्यात असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. दादोबा बंडखोर होते, पण सावध बंडखोर होते. त्यांच्यापेक्षा त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग अधिक धीट. त्यांनी 1841 साली इंग्रजी राज्यावर वृत्तपत्रातून जी टीका केली ती वाचून आजही आश्चर्य वाटते.

1846 साली दादोबा मुंबईस परतले. शिक्षक तयार करण्याचा जो वर्ग एल्फिन्स्टनमध्ये निघाला होता तो त्यांच्याकडे आला. ते गेल्यावर सुरतेची सभा क्षीण झाली आणि 1852 मध्ये दुर्गारामांची बदली राजकोटला झाल्यावर संपली. मात्र सुरतेत जे पेरले गेले ते वाया गेले असे म्हणवत नाही. त्या गावी 1850 साली अँड्र्यूज लायब्ररी निघाली, आणि पुढे गुजराती गद्याला वळण लावणारा कवी नर्मद याच सुरतेचा. लहानपणी तो दुर्गाराम मेहेताजींच्या शाळेत शिकलेला.

मुंबईत दादोबांनी बैठक पुन्हा मांडली. 1848 मध्ये निघालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. या सभेत निबंध वाचले जात, आणि 1850 पासून मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक तिने चालवले. शाळा सुटलेल्या माणसाने दर महिन्याला काहीतरी नवे वाचावे, याची ही सोय. 1848 हे साल तसे वाचनालयांचेच म्हणावे लागेल. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी त्या वर्षीची, आणि आपल्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही त्याच वर्षीचे. परमहंस सभेचा इतिहास (1849) सर्वांना ठाऊक आहे, तो येथे उगाळत नाही.

1852 मध्ये दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगर जिल्ह्यात गेले. येथपर्यंत एखादा म्हणेल, शिक्षकाचे काय, पुस्तके हा त्याचा धंदाच. आता मात्र घोडा, तंबू, सारा, फिर्यादी आणि फिरती. 1857 च्या धामधुमीत त्या भागात भिल्लांचे बंड उठले, ते मोडण्याच्या कामी दादोबा होते आणि त्याबद्दल त्यांना रावबहादुर किताब मिळाला. या कामगिरीचा अभिमान आज आपल्याला वाटणार नाही. ते त्या काळचे सरकारी अंमलदार होते, इतकेच म्हणता येते. पण महसुलाच्या या रगाड्यात ते काय करत होते, याचा पुरावा 1865 साली बाहेर आला. मोरोपंतांच्या केकावलीवरील यशोदापांडुरंगी ही त्यांची टीका त्या वर्षी प्रसिद्ध झाली.

केकावली ज्यांनी वाचली असेल त्यांना हे काम केवढे आहे ते कळेल. पृथ्वी वृत्तातले शंभरावर श्लोक, संस्कृतप्रचुर, लांबलचक समास, एकेका ओळीत पुराणातले दोन-दोन संदर्भ. असा ग्रंथ महिन्या-दोन महिन्यांच्या रजेत लिहून होत नाही. श्लोक पाठ असावे लागतात, घोड्यावर बसल्या बसल्या मनात घोळावे लागतात, अडलेला शब्द रात्री दिव्यापाशी शोधावा लागतो. माझ्या मते हे आवडीचे वाचन होते. व्याकरण त्यांनी मुलांसाठी लिहिले. मोरोपंतांकडे ते रसिक म्हणून गेले. मोरोपंतांची भक्ती आणि दादोबांची नवी धर्ममते यांचे पूर्णपणे जुळणारे नव्हते, तरी कवितेवरचे प्रेम आटले नाही. आपल्याला न पटणाऱ्या कवीवर प्रेम करता येणे, हे मुरलेल्या वाचकालाच साधते. आणि ग्रंथाचे नाव? आई यशोदा, वडील पांडुरंग. व्याकरणासारखा गाजलेला ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या नावे केला नाही, हा केला.

घरातही पुस्तकांचे वारे होते. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला. त्यांच्याच मुंबईच्या घरी 1878 साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ टागोर इंग्रजी संभाषण शिकण्यासाठी राहिले होते, आणि आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा त्यांना शिकवत असे. काकांचे वय तेव्हा चौसष्ट. त्या वयात माणूस बहुधा जुनेच पुस्तक पुन्हा उघडतो. दादोबा मात्र स्वीडनच्या इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग या अठराव्या शतकातल्या गूढवादी तत्त्वज्ञाचे ग्रंथ वाचत होते. हे वाचन किती गंभीर होते हे त्याच 1878 सालात दिसले. स्वीडनबॉर्गच्या ग्रंथांवरील त्यांचे इंग्रजी चिंतन लंडनहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. एक मराठी पेन्शनर, मुंबईत बसून, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या स्वीडिश माणसाशी वाद आणि संवाद करतो आहे, हे चित्र मला फार आवडते. स्वीडनबॉर्गची त्यांची ओढ पुष्कळांना विक्षिप्त वाटली असेल. वाटो. आवडीच्या वाचनाला लोकांची संमती लागत नाही.

17 ऑक्टोबर 1882 रोजी दादोबा वारले. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहायला घेतले होते. मराठीतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. लहानपण, पंतोजी, जावरा, सुरत असे करत ते ऐन तरुणपणाच्या वृत्तान्ताशीच थांबते. नगरची घोडदौड, केकावलीच्या रात्री, स्वीडनबॉर्ग, यांतले काहीच त्यात नाही. ते हस्तलिखित अ. का. प्रियोळकर यांनी मिळवले, उरलेले चरित्र स्वतः कष्टाने जुळवून त्याला जोडले, आणि 1947 साली ते पुस्तक छापून बाहेर आले. दादोबांना जाऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.