विश्वेश्वरय्या: धरणाचं गेट आणि पाण्याचा हिशेब

१५ सप्टेंबर आला की इंजिनिअर्स डेचे मेसेज फिरायला लागतात. फोटो असतो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा. पण त्यांनी नेमकं केलं काय? त्यांची दोन मोठी कामं तर आपल्या पुणे भागातली आहेत.

जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळुरूत बी.ए. केलं. मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, १८८३ साली इंजिनिअरिंगला पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

पहिलं काम खडकवासल्याचं. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. सांडवा उंच करावा, तर मोठ्या पुरात धरणालाच धोका. १९०३ मध्ये त्यांनी तिथे स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची, पातळी उतरली की बंद व्हायची. वीज नाही, मोटर नाही, पाण्याच्याच जोरावर! भिंत न वाढवता साठा वाढला.

दुसरं काम नीरा कालव्याचं, १८९९ च्या सुमाराचं. कालव्याजवळचे लोक उसाला भरमसाट पाणी द्यायचे. लांबची गावं कोरडी राहायची, आणि अति पाण्याने जवळची जमीनही खराब व्हायची. विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. गावागावांत ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडायचे. त्यातल्या एका भागातच ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिकं, आणि तीही आळीपाळीने. तेवढंच पाणी जास्त गावांना पुरणार होतं. साहजिकच, ज्यांना आधी हवं तेवढं मिळत होतं त्यांनी विरोध केला. मग शेतकऱ्यांना समजावणं हाही कामाचा भाग झाला.

पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि दिवाण झाले, कृष्णराजसागर धरण उभं केलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. शंभरी ओलांडून १९६२ मध्ये ते गेले.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला दारांची आयडिया भारी वाटते. पण अवघड काम ब्लॉकचं होतं. दारांनी पाणी वाढवलं, ते कुणाला किती हे ब्लॉकने ठरवलं. शाश्वत विकासाला दोन्ही लागतं. उसाच्या पाण्यावरून आपण आजही भांडतोच की. पुढच्या वेळी खडकवासल्याला भजी खायला गेलात, तर सांडव्याकडे बघून हे नक्की आठवा.